ओल्या गठ्ठ्याचं वजन

वन्संना नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? दुखत असेल तर औषध वेळेवर घ्या, दुसऱ्यांना बजावता तसं. इकडे आम्ही बरे. तुमचे भाऊ जरा जास्तच बरे, खुर्चीतून उठत नाहीत.

लिहिते ते उपकार मानायला. आजारपणानंतर लॉन्ड्रीत ओल्या चादरींचा गठ्ठा उचलताना मी गठ्ठ्यासकट खाली बसले (पडले नाही, बसले, लोक काहीही सांगतात). मालकिणीने मला मोठ्या मशीनवरून काढून घड्या घालायला बसवलं. दोन महिन्यांत गठ्ठा उचलून दाखव, नाहीतर मशीन दुसरीला, म्हणाली. अभ्र्यांच्या घड्या घालून माझा जीव विटला. त्यात तुम्ही मला न विचारता जिममध्ये माझं नाव घातलंत. तेव्हा मनात तुम्हाला काय काय म्हटलं ते लिहीत नाही.

तिथली शिकवणारी म्हणजे कालची पोर. म्हणाली, आधी मोजू. अंगात चरबी किती, स्नायू किती, पाणी किती, सगळं सांगणारा काटा आहे तिच्याकडे. मला वाटलं, आकडा भरला की सुटले. म्हणून नळाखाली तोंड धरून तुडुंब पाणी प्यायले आणि चढले. आकडा झकास. पण पोट डुबुक डुबुक वाजायला लागलं. पोर म्हणाली, मावशी, तुमच्याकडे कपडे ओले तोलतात का? (कोरडे तोला म्हणून नव्या मुलींवर मीच ओरडते.) उतरले खाली.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी मोजलं. वजन आजाराआधीएवढंच, पण स्नायू निघून गेलेले आणि त्यांच्या जागी चरबी भाडेकरूसारखी पाय पसरून बसलेली. मी म्हटलं, महिन्यात पाच किलो स्नायू हवेत. ती म्हणाली, या वयात पाव किलो वाढले तरी खूप, आणि गठ्ठ्याला तेवढे पुरतील. मी चिडले, पण गेले रोज. काल भरलेला सिलिंडर एकटीने सरकवला. तुमच्या भावांनी पाय वर घेतले, तेवढीच मदत. वन्सं, माझ्या आईनेसुद्धा माझ्यासाठी एवढी दादागिरी केली नसती.

तुमची भावजय

ता. क. तुमच्या भावांनाही काट्यावर उभं केलं. त्याने काय सांगितलं ते विचारू नका. तेव्हापासून जेवताना बोलत नाहीत.

ता. क. आणखी एक. मंगळवारी मालकिणीसमोर गठ्ठा उचलायचाय. भीतीबिती नाही मला. पण तुम्ही याच. हात लावायचा नाही, नुसतं मालकिणीशेजारी उभं राहायचं आणि मी केलेल्या भाजीकडे बघता तसं माझ्याकडे बघायचं. तुम्ही तसं बघितलंत की मला राग येतो, आणि राग आला की मी काहीही उचलते.