गुरामरावांचा नारळ

क्वीन्सटाउन, सिंगापूर
२१ सप्टेंबर २०१४

ती. अवधूतदादास,

संजीवनीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तूर्त आठांपैकी पाचच अंगांचा मानून घे). तब्येत कशी आहे? विशेषतः गुडघे? ऑपरेशननंतर तू पर्वती चढून आलास असं वहिनीने फोनवर सांगितलं. आनंद झाला, म्हणजे व्हायला हवा होता.

इकडे सर्व क्षेम. सारंग आणि मीनल सकाळी ऑफिसला जातात ते रात्री जेवायलाच उगवतात. अवनी शाळेतून आली की कानाला ते यंत्र लावून बसते आणि मी काहीही विचारलं तरी “कॅन लाह, आजी” म्हणते (इथल्या बोलीत ‘हो, चालेल’). घर स्वच्छ, लिफ्ट स्वच्छ, रस्ता तर इतका स्वच्छ की भांडायला काही विषयच नाही. पुण्यात निदान पेपरवाल्याशी तरी दोन शब्द व्हायचे. इथे एकदा अख्खा दिवस मी बोललेच नाही आणि संध्याकाळी कुकरची शिट्टी झाली तेव्हा “अरे हो, आले!” असं तोंडातून निघून गेलं. बरं वाटलं रे, कुणीतरी हाक मारल्यासारखं.

म्हणून मी सकाळी बिल्डिंगखाली जाऊन बसू लागले. इथे तळमजल्यावर घरं नसतात, नुसते खांब आणि बाकं. त्याला व्हॉइड डेक म्हणतात. पहिल्याच दिवशी तिथे सत्तरीचा एक गोरा, नाक बसलेला माणूस खांबाला गुद्दे मारताना दिसला. मारत नव्हता खरं तर, प्रत्येक गुद्दा वीतभर अलीकडे थांबवत होता. वेडा असेल म्हणून मी उठले, तर कमरेत वाकून म्हणाला, “गुड मॉर्निंग.” त्या आठवड्यात मला उद्देशून कुणी आपणहून म्हटलेलं ते पहिलं वाक्य. मी परत बसले.

नाव गुराम, राहणार जॉर्जिया. (मी राव लावलं. वयाने मोठा माणूस, नुसतं नाव कसं घ्यायचं?) मुलगी इथे जहाजाच्या कंपनीत, म्हणजे हेही माझ्यासारखेच व्हिजिट पासवर आणून ठेवलेले. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी एकत्र केलं की कसंबसं एक वाक्य पुरं व्हायचं. त्यातून महिनाभरात कळलं ते असं. गुरामराव सोव्हिएत काळातले नावाजलेले बॉक्सर. पण तिकडे तेव्हा पैसे घेऊन लढायला बंदी. जिंकलं की सरकार फुलदाणी देई, कधी रेडिओ, एकदा गालिचा. परदेशातल्या एका सामन्यानंतर तिथला कंत्राटदार विचारायला आला, आमच्याकडे व्यावसायिक म्हणून लढाल का. बरोबरच्या सरकारी साहेबाने भाषांतर करायच्या आधीच “नाही” म्हणून टाकलं. (आपल्याला काय विचारलं होतं हे गुरामरावांना परतीच्या विमानात कळलं!) पुढे बंदी उठली तेव्हा पंचेचाळिशी आलेली. आता एकच खंत उरली होती, कुणीतरी एकदा पैसे देऊन आपल्याला लढायला बोलवावं. घरभर फुलदाण्या आहेत म्हणाले, आणि बायको गेल्यापासून फुलं एकीतही नाहीत.

माझा स्वभाव तुला माहीत आहे. माझ्याकडे कुणी काही मागितलं नाही की मला राहवत नाही. गणपती जवळ आले होते. इथल्या मराठी मंडळींच्या उत्सवाचा सूत्रधार प्रबोध (ऑफिसात मॅनेजर, मखरापुढेही मॅनेजरच) याच्या मागे लागून मी गुरामरावांचा कार्यक्रम ठरवला आणि “मानधन देऊ” असं वदवूनही घेतलं. झालं! गुरामरावांनी पाव सोडला, पळायला सुरुवात केली, निळी जुनी चड्डी इस्त्री करून आणली. सरावाला प्रतिस्पर्धी नव्हता, म्हणून सोफ्याची उशी धरून मी उभी राहायचे. (कंबर तिथेच धरली. सारंगला बाथरूममध्ये पाय घसरल्याचं सांगितलंय.)

कार्यक्रमाचं काय सांगू? अंताक्षरी लांबली, मोदकांची स्पर्धा त्याहून लांबली, आणि गुरामरावांचं नाव पुकारलं तेव्हाच महाप्रसादाची रांग लागली. मसालेभातापुढे बॉक्सिंगचा काय पाड! सगळ्या हॉलची पाठ, आणि हा सत्तर वर्षांचा माणूस गणपतीपुढे एकटा हवेशी लढतोय. तीन फेऱ्या पुऱ्या केल्या, मध्ये मी खुर्ची आणि पाणी दिलं. पंच नव्हता, म्हणून शेवटी त्यांचा हातही मीच वर केला.

मग प्रबोध हात पुसत धावत आला आणि त्यांच्या खांद्यावर शाल घालून हातात नारळ ठेवला. मानधनाचं विचारलं तर म्हणतो, “काकू, पैशांपेक्षा हा मान मोठा नाही का?” मी गुरामरावांना समजावलं की आमच्यात याहून मोठा सन्मान नाही. त्यांनी नारळ उलटसुलट करून पाहिला आणि हळूच म्हणाले, “अगेन फ्लॉवर पॉट.”

दादा, मला तिथेच रडू फुटलं. पर्समध्ये आहेराचं पाकीट होतं, वर रुपया चिकटवलेलं. माझ्याजवळ होते नव्हते ते डॉलर त्यात कोंबले आणि ठणकावून म्हटलं, “गुरामराव, युवर फी!” त्यांनी मोजले नाहीत. पाकीट छातीशी धरून बसून राहिले. वरचा रुपया कशाला, विचारलं. सांगितलं, देणंघेणं संपू नये म्हणून. त्यांना वाटलं पुढचा सामना ठरला. मी दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वकमाईतून त्यांनी मला हॉकर सेंटरमध्ये (इथली छपराखालची खाऊगल्ली) कॉफी आणि टोस्ट खिलवला, काय तो रुबाब! त्याच आठवड्यात मुलीची बदली झाली आणि ते गेले. रुपया बरोबर नेला. सामानात जागा नाही म्हणून नारळ मला दिला.

आता खांब आहे, बाक आहे, मी आहे. फार एकटं वाटतं रे. लिहून टाकलं एकदाचं.

वहिनीला नमस्कार.

तुझी,
संजी

ता.क. यातलं सारंगला काही कळू देऊ नकोस. हौसेने आणलंय त्याने आईला. मला करमत नाही हे ऐकलं तर त्याला घास उतरणार नाही.

ता.क. २. म्हणून एवढंच कर. त्याला फोन करून सांग की गुडघे पुन्हा धरले, संजीला ताबडतोब पाठव. पर्वतीचं नाव काढू नकोस.

ता.क. ३. आधी वहिनीसमोर लंगडून बघ, तिला पटलं तरच फोन लाव. फुकट नको, मानधन मिळेल. नारळ आहे माझ्याकडे.