बारकीच्या वतीने

३ ऑगस्ट, सोमवार. जेवणाची सुट्टी.
आईचा फोन. बारकीला शाळेने घरी बसवलंय. आठवीतली पोर, गुन्हा काय, तर गोष्ट लिहिली. शाळेची घंटा वाजली की एक सर गायब. सात टोले, सात जण गायब, मग मुलं निवांत डबा खातात. मुख्याध्यापकांनी मोजलं, शाळेत शिक्षक सातच. म्हणाले, ही धमकी आहे.
मला हसू आलं. आई रडत होती म्हणून खोकलो.
संकल्प : घरातला कर्ता मी. आठवड्यात प्रकरण निकालात काढायचं.

४ ऑगस्ट
बारकीशी बोललो. म्हणाली, "दादा, गोष्ट आहे ती. गोष्टीत माणूस उडतो, म्हणून मी गच्चीवरून उडी मारणारे का?" मुद्दा बरोबर. पण नुसत्या मुद्द्यावर जग चालत नाही. मी सातवीत शाळा सोडली, तरी एवढं कळतं.
भाषेच्या बाई तिच्या बाजूने. शुक्रवारी शाळेत यावर मीटिंग. बाईंनी बजावलंय, घरच्यांनीही काही लिहून देऊ नका. बाई मनाने चांगल्या, व्यवहार शून्य.

५ ऑगस्ट, सकाळी ६
मीटिंगसाठी रजा मागितली. सुपरवायझर म्हणाला, हॉस्पिटलच्या चादरी काय तुझा बाप धुणार? सडेतोड उत्तर देणार होतो. मशीनच्या आवाजात ऐकू गेलं नसतं, म्हणून सोडून दिलं.
जायची गरजही नाही. आमच्या लॉन्ड्रीत पद्धत आहे : चूक कुणाचीही असो, माफीनामा लिहायचा. तो फायलीला लागतो, विषय संपतो. माझे अकरा झालेत. निम्मे न केलेल्या चुकांचे. नव्या पोरांना नमुना म्हणून माझेच दाखवतात.

६ ऑगस्ट
लिहिला. 'माझ्या बहिणीच्या मनात वाईट हेतू आला होता. तो तिने सोडला आहे. पुन्हा असं होणार नाही.' हेतू कबूल केला की साहेब लोक विरघळतात. अनुभव आहे.
फोटो काढून मुख्याध्यापकांना पाठवला. लगेच वाचला. विरघळले असणार.
बारकीला सांगितलं नाही. सरप्राइज.

७ ऑगस्ट, संध्याकाळ
आईचा फोन. बाई अर्धा तास भांडल्या. पोरीच्या मनात काही नव्हतं, गोष्ट लिहिणं हा गुन्हा नाही. बाकीचे वळत आले होते. मग मुख्याध्यापकांनी माझा कागद मोठ्याने वाचला. बाई खाली बसल्या.
बारकीला परत घेतलं. दोन अटी. रोज गेटवर दप्तर तपासणार. अभ्यासाशिवाय एक ओळ लिहायची नाही.
परत घेतलं म्हणजे जिंकलोच की.

९ ऑगस्ट, रविवार
बारकी फोनवर आली. म्हणाली, "त्यांना तसं वाटलं ते वाटलं. तुलापण वाटलं का, दादा?"
सांगितलं, अगं वेडे, तसं लिहायचंच असतं.
"बरं," म्हणाली. फोन आईकडे दिला.
लहान आहे. पुढे कळेल तिला.

१२ ऑगस्ट
बारकी फोनवर आली नाही. अभ्यास असेल. चांगलंच आहे.

१६ ऑगस्ट, रविवार
आज आली. म्हटलं, एखादी नवी गोष्ट सांग, पहिल्यासारखी. "सुचत नाही," म्हणाली. मग काय चाललंय? "वर्तुळाचं क्षेत्रफळ." म्हटलं, तेच सांग.
पंधरा मिनिटं समजावत होती. त्रिज्या, वर्ग, सगळं. मी हो हो करत होतो. आवाज तोच, पण बँकेतल्या बाईंसारखा.
शेवटी विचारलं, "कळलं का?"
म्हणालो, कळलं.
काही कळलं नव्हतं. तिने बोलत राहावं, एवढ्यासाठी हो हो करत होतो.