गमबूट माळ्यावरून खाली काढावेत

आधी हे लिहून ठेवते: माझा थोरला टीबीने गेला नाही. मृत्यूच्या दाखल्यावर तसं छापलंय ते चूक आहे. बदलून मागायला गेले तर दवाखान्याच्या खिडकीतला माणूस म्हणतो, "आजी, आता काय फरक पडतो?"

आता रीतीचं. मी, नर्सरीवाली आजी, वय एकोणऐंशी, शिक्षण चौथी, डोकं ठिकाणावर ठेवून, कुणी न सांगता हे मृत्युपत्र लिहिते. सहा दिवस ताप हटत नाही, म्हणून घाई.

१. घर दोन्ही सुनांचं, अर्धं अर्धं. धाकट्याच्या नावे नाही. मागच्या भिंतीची ओल त्याला वीस वर्षांत दिसली नाही.

२. नर्सरी आणि माती कालवायचा खड्डा थोरल्या सुनेचा. त्या खड्ड्यात आम्ही अनवाणी उतरतो. माती जमली की पायाला कळतं, हे मीच सगळ्यांना शिकवलं. थोरल्याला शुगर, टाचांना भेगा. त्याने गमबूट आणले तेव्हा मी चारचौघांत म्हणाले, "काय साहेब, पाहणीला आलात?" तो ओशाळला. बूट माळ्यावर गेले. त्याच पावसाळ्यात ताप, खोकला, मग मांडीत गळू. पाच महिने टीबीच्या गोळ्या गिळल्या बिचाऱ्याने.

३. त्याच दवाखान्याच्या लॅबवाल्यांना माझ्याकडून शिव्यासुद्धा नाहीत. थोरल्याच्या रक्तातून काचेच्या बशीत दोनदा जंतू वाढले, दोनदा "बाहेरची घाण पडली" म्हणून त्यांनी ती बशी फेकली. तिसरी एका नव्या डॉक्टरीणबाईने मोठ्या लॅबला पाठवली. उत्तर आलं तेव्हा त्याला जाऊन नऊ दिवस झाले होते. ती म्हणाली, "आजी, याला मेलिऑइडोसिस म्हणतात. जंतू चिखलात असतो, भेगांतून शिरतो, शुगरवाल्यांना लवकर धरतो. कितीतरी देशांत आहे, जिथे नाही म्हणायचे तिथेही सापडायला लागलाय. वेळेत कळलं तर औषध आहे."

"मग कळलं का नाही?"

"शोधत नाही ना कोणी."

एवढ्या देशांत पसरलाय, आणि आमच्या लॅबात त्याला घाण म्हणतात! त्या बाईची पुढच्याच महिन्यात बदली झाली.

४. माझं खुरपं आणि थोरल्याचे गमबूट धाकट्याला. माप एकच आहे. तो म्हणतो, "मातीनेच पोसलं आई, आता तिला घाबरायचं?" अरे गाढवा, शुगर तुलाही आहे. बूट न घालता खड्ड्यात उतरलास तर खुरपंही थोरल्या सुनेचं. हसणारी म्हातारी आता राहणार नाही, तेव्हा लाजू नकोस.

५. आज सकाळी माझं रक्त त्याच लॅबात गेलंय. नळीवर मी स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली: नर्सरीवाली, शुगर, चिखलातलं काम, वाढेल ते फेकू नका. नर्स म्हणाली, "या वयात ताप यायचाच." यायचाच, पण कशाने, ते सांगा.

हे सगळं अमलात आणायचं काम थोरल्या सुनेचं. ती कमी बोलते आणि विसरत नाही.

सही: नर्सरीवाली आजी
साक्षीदार: शेजारची शिंपीण, दूधवाला (दोघांनीही बूट बघितलेत)
ठिकाण: नर्सरीमागची खोली
दिनांक: पाच ऑगस्ट, बुधवार

ता.क. बशीत काय वाढलं ते लॅबच्या मोठ्या साहेबाने स्वतः इथे येऊन, थोरल्या सुनेसमोर बसून, लिहून द्यायचं. मी असले तरी आणि नसले तरी. खिडकीतल्या माणसाला पाठवायचं नाही.