चौथं वाक्य

मुलुंड,
१४ एप्रिल १९५७

ती. दादास उत्तराचा नमस्कार.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? उकाडा तिकडे अंधेरीलाही असेलच.

तुझं कार्ड मिळालं. लिहितोस, ‘घाटकोपरच्या मंडळींना मी एकही असत्य वाक्य सांगितलेलं नाही. निष्कर्ष त्यांचा.’ वा! इतकी वर्षं कॉलेजात तर्कशास्त्र शिकवल्याचं चीज झालं.

शुभाचं ठरलेलं लग्न मोडल्याचा निरोप आला तेव्हा मी स्वतः घाटकोपरला गेले होते. नंदकिशोरच्या वडिलांनी ‘आत या’ म्हटलं नाही. दारातच म्हणाले, “बाई, तुमच्या सख्ख्या भावानंच सांगितलंय.” काय सांगितलंस? उत्तरा रोज पहाटे अंधारात घराबाहेर पडते. परक्या पुरुषाच्या सायकलवर डबलसीट जाते. उजाडल्यावर परत येते.

तिन्ही वाक्यं खरी. चौथं कुठे गेलं रे? मी आरेच्या दूधकेंद्रावर बाटल्या वाटायला जाते आणि शेजारचे काशीराम तिथेच क्रेट उतरवायला असतात, म्हणून मला सोबत नेतात. हे चौथं.

मी परकरात होते तेव्हा तूच मला शिकवलंस. अंगण ओलं दिसलं म्हणून पाऊस पडला म्हणू नये, कुणी सडाही घातला असेल. आणि इथे तर तू मला सडा घालताना पाहिलंस आणि तोंड मिटून बसलास.

माहीत नव्हतं, असं म्हणू नकोस. पौषात मुक्कामाला आलास तेव्हा केंद्राच्या खिडकीतून मीच तुझ्या हातात बाटली दिली. तू इकडेतिकडे बघून म्हणालास, “उत्तरा, हे कुणाला कळायला नको हो.”

मला कळायला वेळ लागला. प्राध्यापकांची विधवा बहीण दूध विकते, हे सांगायची तुला लाज वाटली. त्यापेक्षा ती बदफैली आहे असं लोकांना वाटलेलं तुला चाललं. दादा, मला तुझी किळस आली. आली ती अजून गेलेली नाही.

त्या दिवशी मी दारात उभ्यानंच दूधकेंद्राचं सांगत होते, ते सगळं नंदकिशोरच्या आई आतून ऐकत होत्या. त्याच आठवड्यात त्या पहाटे मुलुंडला येऊन रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीशी आल्यावर म्हणाल्या, “बाटली नको. तुम्हाला बघायला आले.” कॉलेजचं तोंडही न पाहिलेली बाई, पण अनुमानावर विसंबली नाही. मोडलेलं लग्न त्यांनी पुन्हा जुळवलं, वैशाखात होणार आहे.

पत्रिका छापून आल्या. शुभाचा हट्ट, मामाला एक पाठव. वेडी पोर, तुझं नाव काढून अजून रडते. मी पाठवणार नाही.

अंतरपाटाशी नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो. काशीरामना विचारलं तर ते घाबरलेच. “बाय, माका उभो करतलात? तुमचे लोक काय म्हणतले?” म्हटलं, लोकांचं मी बघते, तुम्ही फक्त या. येणार आहेत.

तेव्हा शुभाच्या पाठीशी तिचा मामा उभा असेल, आणि तू तिथे नसशील. दोन्ही वाक्यं खरी आहेत. निष्कर्ष तुझा.

खाली ‘तुझी’ लिहायला हात गेला होता. आवरला.

उत्तरा