साडूचा डिंक

सोमवार, ४ मार्च
मीटिंगमध्ये साहेबांनी साडूचं तोंड भरून कौतुक केलं. साडू म्हणजे मेहुणीचा नवरा. आमच्याच सॉस फॅक्टरीच्या लॅबमध्ये असतो. मीच चिकटवला त्याला! आता त्याने झँथन गम आणलाय. जंतू साखर खातात, डिंक बनवतात, तो वाळवला की झाली पावडर. चिमूटभर घातली की सॉस दाट. यात साडूचं काय कर्तृत्व? कष्ट जंतूंचे.
मिक्सिंगच्या प्रमुखाची जागा रिकामी आहे. ती माझीच. कॉर्नफ्लॉरने सॉस दाट करण्यात हयात गेली माझी.

बुधवार, ६ मार्च
साडू-मेहुणी जेवायला. ताटावरही तेच पुराण. टूथपेस्टमध्ये डिंक, रंगात डिंक, आइस्क्रीममध्ये डिंक, तेलविहिरी खोदतानाही डिंक. सॅलडवरच्या ड्रेसिंगमधलं तेल वर तरंगत नाही. बाटली हलवली की पातळ, ठेवली की पुन्हा दाट. बायको घास हातात धरून ऐकत होती. कॉर्नफ्लॉरबद्दल तिने आजवर एक प्रश्न विचारलेला नाही.
पावडर मिसळायची कशी, हे तो सांगायला लागला तसा मी हात धुवायला उठलो. मला शिकवतोय!
संकल्प: जळायचं नाही. जळत नाहीच आहे म्हणा.

शनिवार, ९ मार्च
सॅलड ड्रेसिंगची पहिली मोठी बॅच मी काढतो, असं साहेबांना ठणकावून सांगितलं. साडूला बरोबर घ्या म्हणाले. म्हटलं, गरज नाही. बॅच जमली की जागा तुमची, म्हणाले. म्हणजे झालंच.

सोमवार, ११ मार्च, सकाळी
टाकी पाण्याने भरली. पावडर ओततो. साडू, बघ आता.

दुपारी
गुठळ्या. वरून बुळबुळीत, आत कोरड्या. पाणी पातळच. पावडर कमी पडली असणार, म्हणून आणखी ओतली.

संध्याकाळी
टाकीत खळ झाली. पंप तुंबला. ऑपरेटर न विचारता साडूला घेऊन आला. पावडर आधी तेलात कालवायची आणि मग पाण्यात सोडायची, असं तो हळूच म्हणाला. साहेब मागेच उभे होते, त्यांना ऐकू गेलं.
पावडरच खराब असणार.

गुरुवार, १४ मार्च
साडू प्रमुख झाला. मी त्याच्या हाताखाली. बायकोला बहिणीकडून कळलं, की साहेब मला पॅकिंगला धाडणार होते; दादांशिवाय (म्हणजे माझ्याशिवाय) मिक्सिंग चालायचं नाही, असं सांगून साडूनेच अडवलं. वर पंप जुना होता, असंही तोच म्हणाला.
आता त्याच्यावर धड जळताही येत नाही. तरी प्रयत्न चालू आहे.