सात खिंडी आणि तो पाचचा आकडा

जी वस्तू बारा जणांनी मिळून नऊ वर्षं रचली आणि जिच्यावर कुणा एकाची मालकी नाही, ती मृत्युपत्राने देता येते का? मला याचं उत्तर माहीत नाही. वकीलसाहेबांना विचारलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "घर, दागिने, असं काही आहे का?"

तरीही मी, नुजहत उस्मान आतार, वय २७, शिक्षण बी.ए., टायपिंग क्लासमध्ये शिक्षिका, राहणार भोर, हे स्वतःच्या हाताने, डोकं ठिकाणावर असताना आणि कुणी भरीस घातलेलं नसताना लिहिते. येत्या बुधवारी पुण्यात माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन आहे. डॉक्टर काळजी करू नका म्हणतात. पण सहीसाठी दिलेला कागद इंग्रजीत होता, तो घरात मलाच वाचावा लागला, आणि मी तो शेवटपर्यंत वाचला आहे.

१. आमच्यात एक तृतीयांशाहून जास्त मृत्युपत्राने देता येत नाही. बाकीचं वारसांना आपोआप जातं. म्हणून शिवणयंत्र, सायकल आणि जे काही किडुकमिडुक असेल ते अब्बा-अम्मीचं. सायकल हवी असेल तर मोहसीनने अब्बांना विचारून घ्यावी. तो विचारणार नाही, हे मी त्याची मोठी बहीण म्हणून लिहून ठेवते.

२. माझं पदवी प्रमाणपत्र अब्बांनी बांगड्यांच्या दुकानात आरसा काढून तिथे लावलं आहे. बायका कानातलं घालून बघायला आरसा मागतात आणि अब्बा त्यांना प्रमाणपत्र दाखवतात. माझ्यामागे आरसा परत लावावा.

३. जे मी माझ्या मर्जीने देऊ शकते ते एवढंच: जुना कॉम्प्युटर, नऊ सीडी, चार वह्या. यात 'सात खिंडी' आहे.

'सात खिंडी' हा खेळ १९९९ मध्ये पुण्याच्या आसिफ इनामदार यांनी इंटरनेटवर सुरू केला. आम्ही बारा जण, बारा गावांचे. प्रत्येकाने एक माणूस रचायचा आणि तो काय करतो ते पाळीपाळीने लिहायचं, मराठीच पण इंग्रजी अक्षरांत. आसिफभाई पुढे काय घडलं ते लिहायचे. जिथे जगणं-मरणं अडायचं तिथे दोन फासे पडायचे. पण फासे कुणी टाकायचे? लांब बसलेल्या माणसाचा आकडा कोण खरा मानणार? शेवटी सर्वांनी आमच्या अम्मीला नेमलं, कारण तिला वाचता येत नाही. कुणाची पाळी, कोण संकटात, तिला काही ठाऊक नसायचं. तांदूळ निवडता निवडता ती ताटात फासे टाकायची आणि म्हणायची, "आकडा सांगते. मानूस कोन ते मला नगं सांगू." तो आकडा मी लिहून सगळ्यांना कळवायचे. नागपूरपासून अमेरिकेपर्यंत लोक 'अम्मीचा फासा' म्हटलं की गप्प बसायचे.

४. फासे लुडोच्या डब्यातले आहेत. ते अम्मीचेच आहेत, अम्मीकडेच राहतील. यापुढे आमच्या बारांतल्या सोलापूरच्या फौजियाने फोन करून आकडा अम्मीलाच विचारावा. मध्ये माझ्यासारखं कुणी असू नये. हे का, ते पुढच्या कलमात आहे.

५. फेब्रुवारी २००४ मध्ये आमच्यातलाच विंझरचा बंडू शिळीमकर पाय मोडून अंथरुणाला खिळला होता. त्याचा खेळातला माणूस, केरू नावाडी, खिंडीत एकटा अडकला होता. वाचायला नऊ किंवा वर हवे होते. अम्मीने टाकले, पाच पडले. मी नऊ लिहिले.

दोन दिवसांनी आसिफभाईंचा फोन आला, तो अम्मीने घेतला. ते कौतुकाने म्हणाले, "अम्मी, काय नऊ टाकलेत तुम्ही." अम्मी म्हणाली, "नऊ कुठं? दोन आन तीन, पाच पडलं व्हतं. मला अक्षर कळत न्हाई, ठिपकं कळत्यात." तिने हे मला हसत हसत सांगितलं. मी हसले नाही.

आसिफभाईंनी कुणालाच काही सांगितलं नाही. 'कामामुळे वेळ होत नाही' एवढं लिहून खेळ माझ्या हाती दिला आणि गेले. २००६ मध्ये खेळ ज्या साइटवर होता ती बंद पडली. आधी सूचना आली होती, ती त्यांच्या जुन्या मेलवर. त्यांनी ती उघडली की नाही, मला माहीत नाही. सगळ्यांनी त्यांना बोल लावले. सर्वांत कडक मी लिहिलं: 'ज्याने सुरू केलं त्यानेच मरू दिलं.' अम्मीचं नाव वाचवायला ते गप्प राहिले हे मला तेव्हाही कळत होतं.

६. त्यानंतर दीड वर्ष मी सगळ्यांच्या मेलमधून, छापलेल्या कागदांतून खेळ पुन्हा जुळवला. आठ महिन्यांचा भाग कुणाकडेच नव्हता. तो फौजियाने आठवून लिहिला, आणि त्या प्रत्येक पानावर मी 'आठवणीतून' असं लिहायला लावलं. ती म्हणाली, "किती गं काटेकोर तू." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

हे सगळं दप्तर आसिफभाईंना द्यावं. एक प्रत सोलापूरला फौजियाकडे असावी. नव्या साइटची किल्ली, म्हणजे पासवर्ड, मी सर्वांना दिली आहे, कुणा एकाला ती बंद करता येणार नाही. एप्रिलमध्ये खेळ पुन्हा सुरू व्हायचा आहे, केरू नावाड्यापासूनच. मी असले नसले तरी तो व्हावा, ही कालपर्यंत माझी एकमेव मागणी होती.

७. साक्षीदाराला काही देता येत नाही असं वकील म्हणाले, म्हणून बंडूला काही ठेवलेलं नाही. त्याचं मी आधीच घेतलं आहे. काल, शनिवारी, क्लास सुटल्यावर मी दप्तरातला तो नऊ तसाच ठेवला आणि त्याखाली लिहिलं: 'हा आकडा नुजहतने खोटा लिहिला. खरा पाच. आसिफभाईंना माहीत होतं. अम्मीचा दोष नाही.' ते पान बाकीच्या अकराही जणांना पाठवलं.

तासाभरात बंडूचा फोन आला. "म्हंजी दोन वर्सं मी मेलेला मानूस हिंडवत व्हतो व्हय गं?"

मी हो म्हणाले.

मग म्हणाला, "माजा पाय मोडला तवा त्यो एकटाच चालत व्हता." आणि थोड्या वेळाने, "सहीला येतो उद्या. पर केरूचं काय करायचं ते समद्यांनी ठरवायचं. तू एकटीनं न्हाई."

आसिफभाईंचं उत्तर हे लिहीपर्यंत आलेलं नाही. हे मृत्युपत्र मला बुधवारपर्यंत बदलता येईल. ते पान बदलता येणार नाही, ते गेलं आहे.

लिहून देणार: नुजहत उस्मान आतार (सही)

साक्षीदार, समक्ष वाचून व ऐकून:
१. बंडू गेनबा शिळीमकर, रा. विंझर, ता. वेल्हे (सही)
२. सगुणाबाई, शेजारीण, रा. भोर (डाव्या हाताचा अंगठा)

ठिकाण: भोर, जि. पुणे
रविवार, ९ मार्च २००८