झाकोळ्या कसा खेळवावा

विश्रांतवाडी, पुणे
सोमवार, १७ नोव्हेंबर २०२५

चि. इंद्रजीत,
सप्रेम जयभीम.

मी बरी आहे. गुडघाही बरा आहे; डॉक्टर म्हणतात, हा नवा गुडघा माझ्यापेक्षा जास्त टिकेल. तू आठवडाभर नुसता खेळतोस, फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र शेजारच्या सोनालीकडे देते आहे. तिचा क्लास सदाशिव पेठेत तुझ्या खोलीपासून दोन गल्ल्यांवर आहे. पाकीट डिंकाने पक्कं चिकटवलं आहे. ती उघडणार नाही. तू तरी उघड.

काल दुपारचा तुझा सामना टॅबवर पाहिला. शेवटपर्यंत पाहिला, कारण कुणी खेळत असताना मध्येच उठून जाणं बरं दिसत नाही अशी माझी समजूत आहे. तुझ्या बाबतीत उठले असते तरी चाललं असतं. समोरचा काही मोठा हुशार नव्हता. त्याच्याकडे दोन आगवाले दैत्य आणि एक काटेरी, आणि तुझ्याकडे झाकोळ्या. हातात झाकोळ्या असताना माणूस हरतो कसा, हे पाहायचं राहिलं होतं, तेही तू दाखवलंस. आभारी आहे.

गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तूच मला टॅबवर ही ‘दैत्यदंगल’ घालून दिलीस. “आत्या, तुझा वेळ जाईल,” म्हणालास. दहा मिनिटं शिकवलंस, त्यातली आठ मिनिटं चुकीचं शिकवलंस. बाकीचं मी माझं मी शिकले. एक रजिस्टर घातलं (स्वतःच्या पैशांनी आणलेलं, कचेरीतलं नव्हे), त्यात प्रत्येक सामना लिहून काढला. तेहेतीस वर्षं नोकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या बाईला दुसरं येतं काय? आज पुण्याच्या यादीत मी एकेचाळिसावी आहे. तू तीनशे बारावा. आणि तू म्हणे या खेळात करिअर करणार.

तर झाकोळ्याविषयी. हा धुकेरी प्रकारातला. तुमच्या खेळात त्याला टाइप म्हणतात, बरेच जण मराठीत जात म्हणतात. मी म्हणणार नाही. तो शब्द आपल्या घरात चालत नाही.

धुकेरी दैत्य मारत नाही, धुकं सोडतो. धुकं तीन पाळ्या टिकतं. तोवर समोरचा तुला मारू शकत नाही, तूही त्याला मारू शकत नाहीस, आणि दर पाळीला तुझा दम थोडा थोडा कमी होतो. एवढं तुझ्यासकट सगळ्यांना माहीत असतं. त्यावरून सगळे समजतात की धुकं लपण्यासाठी आहे. त्यांच्यात तू पहिला.

अरे, धुकं सरकण्यासाठी असतं. पहिल्या पाळीला सोडायचं, दुसऱ्या पाळीला आत दैत्य बदलून घ्यायचा आणि तिसरी संपायच्या आत आपण होऊन बाहेर यायचं. आपण होऊन बाहेर आलेल्याला पहिला घाव मिळतो आणि तो दुप्पट बसतो. बसल्या जागी धुकं विरलं, तर समोरच्याचा घाव तुला दुप्पट बसतो. खेळाचा सगळा जीव या एका नियमात आहे आणि तो नियम पहिल्याच पानावर लिहिलेला आहे. तुम्ही मुलं पहिलं पान वाचत नाही.

आणखी ऐक. समोर आगवाला असेल तर धुकं तीन नाही, दोनच पाळ्या टिकतं, उष्णतेने जातं. काल समोर दोन आगवाले होते, तरी तू आतच बसून राहिलास. सामन्याची सुरुवात झाकोळ्याने कधी करू नये, दम भरलेला असताना लपायचं कारण काय? आणि धुक्यावर धुकं कधीही सोडू नये. तू काल तीन वेळा सोडलंस. पहिलं विरायला आलं की दुसरं, दुसरं विरायला आलं की तिसरं. आत तुझा झाकोळ्या नुसता उभा. शेवटी दम संपून आडवा झाला, समोरच्याला बोटसुद्धा उचलावं लागलं नाही. मी टॅब पालथा ठेवला आणि चहा टाकला.

यातून बोध-बिध काढत बसू नकोस. मी खेळाबद्दल बोलते आहे. बोध घेण्याइतकी अक्कल असती तर मला हात दुखवून चार पानं लिहावी लागली नसती.

आता घरची बातमी. आपल्या गल्लीच्या तोंडाशी तुझा फ्लेक्स लागला आहे. ‘मुख्य परीक्षा उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन! भावी अधिकारी!’ फोटो बारावीतला, त्यात तू बराच हुशार दिसतोस. खाली शुभेच्छुकांचे सोळा चेहरे आहेत. त्यातले चार मी आयुष्यात पाहिलेले नाहीत, आणि विहार समितीच्या रंगरावांचा फोटो तुझ्यापेक्षा मोठा आहे. येत्या रविवारी सकाळी दहाला विहारात सत्कार. वस्तीतली दहावी-बारावीची सगळी मुलं पुढच्या रांगेत बसवणार आहेत, तुला पाहून त्यांनी शिकावं म्हणून. तात्या भाषण पाठ करतो आहे. खडकीच्या फॅक्टरीत उभा जन्म गेला, तिथे कधी चार वाक्यं सलग बोलला नाही माझा भाऊ. आता आरशासमोर उभा राहून बोलतो. तुझ्या आईने गल्लीभर पेढे वाटले. माझ्याकडेही आणले होते. मी साखरेचं कारण सांगितलं.

इंद्रजीत, तू पास झालेला नाहीस. निकालाच्या दिवसापासून मला हे ठाऊक आहे. कसं ते विचारू नकोस. तू घरी काय सांगितलंस आणि तात्याला इतकी खात्री कुठून आली, त्यात आता शिरण्यात अर्थ नाही.

बुधवारपर्यंत येऊन बापाला स्वतः सांग. नापास होणं ही लाजेची गोष्ट नाही, लाखो होतात. पण पुढच्या रांगेतल्या मुलांसमोर हार घालून घेणार असशील, तर मी तुला ओळखत नाही.

सोनालीच्या हाती उत्तर दे. टॅबवर निरोप टाकू नकोस. तिथे तू शुद्ध लिहीत नाहीस.

तुझी,
जया आत्या


विश्रांतवाडी
गुरुवार, २० नोव्हेंबर, संध्याकाळ

चि. इंद्रजीत,
जयभीम.

बुधवारी तू आला नाहीस. फोन केलास. मला वाटलं होतं रडशील किंवा माफी मागशील. तू एकच वाक्य बोललास. “आत्या, मी नुसतं म्हणालो होतो की बहुतेक झालंय. पप्पांना नक्की तूच सांगितलंस ना, यादी बघून?” मी फोन ठेवून दिला. लाइन गेली नव्हती. मी ठेवला.

खरं आहे ते. मीच सांगितलं.

निकाल लागला त्या दिवशी तात्या माझ्याकडे आला. त्याला ती यादी मोबाइलवर उघडता येत नव्हती. म्हणाला, “ताई, तू बघ, तुला सवय आहे.” मी चष्मा लावून तुझा नंबर शोधला. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. नव्हता. तात्या समोरच्या खुर्चीत बसला होता, पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून. येताना दारातच त्याने सांगून टाकलं होतं, “या वेळी नाही झालं तर परत आणतो त्याला. खोली सोडायला लावतो, तो मोबाइल पहिला फोडतो आणि फॅक्टरीत ओळखीने कुठेतरी चिकटवतो.”

मी म्हणाले, “आहे नाव.”

त्याने परत विचारलंसुद्धा नाही. “ताईने बघितलं म्हणजे झालं,” असं म्हणून पाणी प्यायला. तेहेतीस वर्षांत किती याद्या माझ्या टेबलावरून गेल्या असतील. कुणाचे फोन आले, कुणी दारात मिठाईचे खोके ठेवून गेले, एक साहेब तर रडलेसुद्धा. मी एक नाव इकडचं तिकडे केलं नाही. आपल्या घरातली पहिली नोकरी माझी होती, लोक टपलेलेच असतात. सगळं सांभाळलं आणि शेवटी ज्याने कधी माझ्या शब्दावर शंका घेतली नाही, त्यालाच फसवलं.

तुला वाटेल, आत्याने आपल्याला वाचवलं. गैरसमज नको. तुझ्या भल्याचा विचार त्या क्षणी माझ्या मनात आलाच नव्हता.

रोज संध्याकाळी साडेआठला टॅबवर तुझ्या नावापुढे हिरवा ठिपका लागतो. मग आपण दोन सामने खेळतो. तू हरतोस, मी तुला चार शब्द सुनावते, तू हसण्याचं चित्र पाठवतोस. पावणेदहाला मी भात गरम करून जेवते. दिवसभरात माझ्याशी कुणी बोललेलं असतं ते तेवढंच. निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष कचेरीतले लोक यायचे, सह्यांपुरते. तात्या येतो, पण तो बसतो, बोलत नाही. तू घरी परतला असतास, मोबाइल फुटला असता, तर तो ठिपका गेला असता. म्हणून मी “आहे” म्हणाले. आयोगाची यादी, तुझं वर्ष, भावाचा मान, सगळं त्या ठिपक्यापुढे मी कवडीमोलाचं ठरवलं. तुला मी गेल्या पत्रात अक्कल शिकवत होते. माझी ही अशी.

आज दुपारी तात्याकडे गेले. तो म्हणाला, “ऐक ताई, भाषणात तुझंही नाव घेतलंय.” आणि कागद न बघता बोलून दाखवलं. “माझ्या मोठ्या बहिणीने ती यादी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि मला सांगितलं, तो दिवस मी विसरणार नाही.” तुझी आई हेमा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ओठांतल्या ओठांत त्याच्याबरोबर म्हणत होती. तिलाही पाठ झालंय.

मी सांगितलं. यादीत नाव नव्हतं, मी खोटं बोलले. दोनच वाक्यं.

हेमा आत निघून गेली. तात्याने चपला घातल्या, विजेच्या दुकानातून शिडी मागून आणली आणि भर दुपारी फ्लेक्सखाली लावली. मी म्हटलं, रंगरावांना सांगू, माणसं पाठवतील. तो म्हणाला, “माझ्या पोराचा आहे. मीच काढतो.” साठ वर्षांचा माणूस खिशात भाजीची सुरी घालून वर चढला. मी खाली शिडी धरून उभी राहिले. पानवाला, रिक्षावाले, सगळे बघत होते. कुणी काही विचारलं नाही, आपल्याकडे असं क्वचित होतं. दोऱ्या कापताना वरूनच, खाली न बघता, त्याने मला विचारलं, “खेळात तरी बरा आहे का गं?”

माझ्याने पुन्हा खोटं बोलवलं नाही. “नाही,” म्हणाले.

तो खाली उतरला. फ्लेक्सची घडी घालून त्याने काखेत धरली. घरी जाताना माझ्या पुढे दोन पावलं चालत होता. एरवी माझ्या गुडघ्यामुळे तो मागे राहतो.

सत्कार रद्द झाला आहे, पण सभा होणार आहे. तात्याने रंगरावांना तसं सांगितलं. मुलांना बोलावलं आहे तर त्यांना खरं कळायला हवं, असं त्याचं म्हणणं. रविवारी दहाला तो उभा राहून सांगेल की यादीत नाव नव्हतं आणि पेढे चुकून वाटले गेले. ‘चुकून’ हा शब्द त्याने माझ्यासाठी घातला आहे. मी तो राहू देणार नाही. त्याच्यानंतर मी उभी राहीन आणि कोण काय म्हणालं ते सगळ्यांसमोर सांगेन.

तुला ये म्हणत नाही. तू कुणाच्या सांगण्यावरून आलास तर ते येणं काही कामाचं नाही. फक्त एवढं सांगते, तात्याने समितीच्या पोरांना पुढे चार खुर्च्या मांडायला सांगितल्या आहेत. मी म्हटलं, आपण तिघंच तर आहोत. तो म्हणाला, “चार.”

साडेआठ वाजून गेले आहेत. टॅब मी उघडलेला नाही.

आशीर्वाद या पत्रातून पाठवत नाही. ते समोर उभं राहून घ्यायचे असतात.

तुझी,
खोटं बोललेली
जया आत्या